टाकी भरेपर्यंत

गुरुवारी पहाटे ४ वाजून ५० मिनिटांनी आमच्या हॉलचा स्लॅब खाली आला. हे मी वेळेनिशी लिहितोय, कारण वकिलांनी तसं सांगितलं. "सर, आम्हाला किती मनस्ताप झाला वगैरे नको. कोण कधी आलं, काय बोललं, काय घेऊन गेलं, तेवढं लिहा." जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, पण मी दोन महिन्यांतच अर्धं विसरेन आणि उरलेलं माझ्या सोयीनं आठवेन, हे मला माहीत आहे. म्हणून मोबाइल समोर घेऊन बसलो. फोटोंवर वेळ आहे, कॉलवर वेळ आहे, पैसे पाठवल्याच्या मेसेजवर तर सेकंदासकट आहे. वकिलांचा कागद दीड पानात संपला. हा दुसरा, त्यांना नको असलेल्या गोष्टींसकट.

घर सिडको एन-८ मधलं. चाळीसेक वर्षांचं रो-हाउस, लोड बेअरिंग. म्हणजे कॉलम नाहीत, बीम नाहीत. नऊ इंची भिंती आणि त्यांच्यावर टेकलेला स्लॅब. दहा फुटांचा हॉल, मागे दहा फुटांची खोली आणि दोघांच्या मधे एक भिंत. ती काढून एकच ऐसपैस हॉल करायचा, ही आमची हौस. गुत्तेदाराने (आमच्याकडे कंत्राटदार हा शब्द फक्त निविदेत असतो) भिंत, फरशी, बाथरूम आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग असं सगळं गुत्तं ६ लाख ४० हजारांत घेतलं. हिशेब टाइल्सच्या दुकानाच्या कोऱ्या बिलामागे बॉलपेननं लिहिलेला. चौथी ओळ, लोखंडी गर्डरची, अशी: "गाडर – १ नग".

मंगळवार, सकाळी ९:५० – ४३ तास आधी

मिस्त्री आणि गुत्तेदार ओट्यावर भांडत होते. मिस्त्री साठीचा माणूस, शहागंजकडचा. बोलणं इथल्या दखनी हिंदीत. एरवी तो बोलायचाच नाही, थापी आणि ओळंबा यांच्याशीच त्याचं काय ते. त्या दिवशी मात्र बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "गाडर लाव पैले. गाडर के बगैर मैं दीवार को हात नै लगाता."

"उद्या येतंय गाडर. तोवर जॅक लावतो ना सहा."

"सहा लगाव के साठ लगाव. मैं नै करता."

त्याने थापी पोत्यात गुंडाळली. माझ्यासमोरून जाताना थांबला. "सरजी, आपका घर है," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. मी त्याच्या मागे गेलो नाही. गुत्तेदार म्हणाला, "सर, जुन्या माणसाईचं असंच असतंय. तुमी टेन्शन घेऊ नका, मी बसलोय ना. आपलं स्वतःचं घर समजून करायलोय."

एक गोष्ट वकिलांच्या कागदात नाही. महिन्यापूर्वी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरने घर बघून नकाशा आणि गर्डरचं माप काढून द्यायचे ८ हजार सांगितले होते. "इंजिनिअर काय करणार सर, कागद रंगवणार," असं गुत्तेदार म्हणाला आणि मला ते पटलं, कारण मला ८ हजार वाचवायचे होते. महापालिकेची परवानगीही घेतली नव्हती. घरातल्या घरात कसली परवानगी, अशी आमच्या सगळ्या गल्लीचीच समजूत आहे. तीस वर्षं वापरात असलेल्या इमारतीची मजबुती इंजिनिअरकडून तपासून घ्यावी असं महापालिका कायदा सांगतो. गल्लीतल्या एकाही घराने ती तपासलेली नाही.

मंगळवार, सकाळी ११:५० – ४१ तास आधी

मुकुंदवाडीच्या नाक्यावरून आणलेली दोन पोरं. एकाच्या हातात घण, दुसऱ्याच्या हातात ब्रेकर. छताला सहा लोखंडी जॅक लावले. खाली फळी न ठेवता थेट फरशीवर. हे मला तेव्हा दिसलं, पण कळलं नाही.

मंगळवार, संध्याकाळी ६:५० – ३४ तास आधी

भिंत गेली. खरं सांगायचं तर आम्ही हरखून गेलो. पुढच्या दारातून थेट परसातली तुळस दिसायला लागली. धूळ खाली बसायच्या आतच आईने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून बघितलं आणि म्हणाली, "आता पंगत बसते बघ इथं." बायकोने फोटो काढून बहिणीला पाठवला. त्या फोटोत छतावर एक आडवी पट्टी दिसते, जिथे भिंत होती तिथली, न रंगवलेली, विटांच्या कडा उमटलेली. तिच्याखाली सहा जॅक सहा खांबांसारखे उभे. बहिणीचं उत्तर आलं: "भारी! हे खांब काढणार ना?"

बुधवार, सकाळी ८:५० – २० तास आधी

गच्चीवर काम सुरू. आमची दोन हजार लिटरची टाकी मागच्या कोपऱ्यात, दोन भिंती मिळतात त्या जागेच्या डोक्यावर होती. त्या कोपऱ्यातून पावसाळ्यात ओल यायची, म्हणून तिथे वॉटरप्रूफिंग करायचं होतं. "टाकी जरा सरकवा रे." टाकी रिकामीच होती, कारण आमच्याकडे नळ येऊन आठवडा होत आला होता. दोघा पोरांनी ती हसत-खेळत ढकलत गच्चीच्या मधोमध आणली आणि चार विटांवर ठेवली. पाइप लांब करून जोडला. रिकामी टाकी दोन माणसांना हलकी असते.

मधोमध, म्हणजे नेमकी गेलेल्या भिंतीच्या वर.

हे आम्हा कुणालाच सुचलं नाही. गच्चीवर उभं राहिलं की खाली भिंत आहे की नाही, हे दिसत नाही.

बुधवार, दुपारी १:५० – १५ तास आधी

गुत्तेदाराचा छोटा टेम्पो दारात. हा प्रसंग मी बायकोकडून ऐकला, मी शाळेत होतो. पोरगा आला आणि सहापैकी चार जॅक सैल करून टेम्पोत घातले. बायकोने विचारलं, "अहो, हे का नेताय?"

"वहिनी, पुंडलिकनगरला उद्या स्लॅब टाकायचाय, तिथं कमी पडायलेत. आणि हे भाड्याचेत, रोजचं भाडं चढतंय. दोन ठेवलेत ना. स्लॅब पकडलाय आता."

स्लॅब पकडलाय. हे वाक्य मी नंतर बऱ्याच जणांना ऐकवलं. सेंट्रिंगवाल्यांच्या तोंडचं आहे; नवं काँक्रीट कडक झालं की ते असं म्हणतात. चाळीस वर्षांपूर्वीच कडक झालेल्या स्लॅबने भिंत काढल्यावर आणखी काय पकडायचं होतं?

या मागचं गणित मला आता पाठ झालंय, तर सांगतो. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही; ताणासाठी लोखंड असतं. स्लॅबचा गाळा मधल्या भिंतीवरून पुढे जातो तेव्हा भिंतीच्या माथ्यावर ताण स्लॅबच्या वरच्या अंगाला पडतो आणि लोखंडही तिथे वरच असतं. भिंत काढली की तीच जागा गाळ्याचा मध्य होते, ताण खालच्या अंगाला येतो, आणि खाली असावं तेवढं लोखंड नसतं. शिवाय दहा फुटांचा गाळा वीस फुटांचा झाला की स्लॅबला वाकवणारा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. गर्डर यासाठीच हवा होता. मिस्त्रीने हे पुस्तकात वाचलेलं नसणार, पण त्याला ते माहीत होतं.

बुधवार, संध्याकाळी ५:५० – ११ तास आधी

गुत्तेदाराला फोन. ३ मिनिटं १२ सेकंद.

"गर्डर?"

"सर, भाव वाढलाय लोखंडाचा. चाळीस हजार टाका, उद्या सकाळी दारात उतरवतो."

"गर्डर धरूनच बोली होती ना?"

"सर, बोली झाली तवाचा भाव अन् आजचा… तुमी शिकलेले माणसं."

तोपर्यंत साडेचार लाख गेले होते. ५:५६ ला मी आणखी चाळीस पाठवले. मेसेजवर सेकंदसुद्धा आहेत.

बुधवार, रात्री ८:१० – ८ तास ४० मिनिटं आधी

शेजारचे काका आले. जायकवाडी प्रकल्पावर आयुष्य काढलेले, कालव्यांच्या कामावर. हातात रात्रीचा फेरफटका मारायची काठी. काठीचं टोक त्यांनी छताच्या त्या पट्टीवर टकटक करत फिरवलं आणि एका जागी थांबले. पट्टीच्या कडेने केसाएवढी एक चीर गेली होती.

"ही काल होती का?"

"गिलावा तडकला असेल, काका."

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि स्टुलावर चढून चिरेच्या दोन्ही बाजूंना छेदून जाणारी एक आडवी रेघ मारली. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: बुध. ८:१०. "कालव्याच्या अस्तरावर आम्ही असंच करायचो. रेघ तुटली की समजायचं, हलायलंय." खाली उतरताना म्हणाले, "घाटकोपर आठवतं का तुम्हाला?"

आठवत होतं. २५ जुलै २०१७, दामोदर पार्कजवळची साईसिद्धी. तळमजल्यावरच्या जुन्या नर्सिंग होमच्या जागेत फेरफार चालले होते, खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. चार मजली इमारत सकाळी कोसळली, १७ जण गेले. कल्याणचं तर अगदी आपल्यासारखं, घरगुती: २० मे २०२५, सप्तशृंगी इमारत, चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब खालच्या मजल्यांवर कोसळला, सहा मृत्यू. कुणी स्फोट घडवला नव्हता. फरशी बदलत होते.

"उद्या सकाळी इंजिनिअर आणा," काका म्हणाले. "अन् आज हॉलमध्ये झोपू नका."

हॉलमध्ये नाही तर कुठे? एका खोलीत सामानाचा डोंगर, दुसरी हॉलमध्येच विलीन झालेली. आई आणि आम्ही दोघं ओट्यावर. मुलगी बारावीची, तिला डास चावतात; तिने हॉलमध्ये पंख्याखाली गादी टाकली. जॅकपासून लांब टाक, एवढं मी सांगितलं. जॅक पडेल, याची मला भीती होती. वरचं पडेल हे मनात आलं नाही, काकांनी सांगूनसुद्धा.

बुधवार, रात्री १०:५० – ६ तास आधी

गल्लीच्या ग्रुपवर मेसेज: "आज रात्री पाणी. अंदाजे ३ वाजता. सर्वांनी कॉक बंद ठेवावे."

बाहेरच्या वाचकासाठी: आमच्या शहरात "आज काय वार आहे" यापेक्षा "नळ कधी आहे" हा प्रश्न मोठा असतो. पैठणला नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर भरलेला, पण जुन्या जलवाहिन्यांतून आमच्यापर्यंत येताना पाण्याला आठवडा लागतो. नवी २५०० मिलिमीटरची वाहिनी टाकली, तिच्याबद्दल ऐकत वर्षं गेली. मधल्या काळात प्रत्येक घराने स्वतःपुरता उपाय केला: जमिनीत हौद, गच्चीवर टाकी, दोघांच्या मधे मोटर. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर-ए-अंबरीने याच गावाला जमिनीखालून पाणी आणलं. नुसत्या उतारावर. त्याने ते कुणाच्या डोक्यावर साठवून ठेवलं नव्हतं.

गुरुवार, पहाटे २:५० – २ तास आधी

नळातून आधी हवा. मग गढूळ पाणी. मग पाणी.

गल्लीभर दिवे लागले. आमच्याकडे नळाची रात्र सणासारखी असते: नळ्या इकडून तिकडे, पिंप विसळणं, "तुमच्याकडे प्रेशर आहे का?" आईने प्यायचं पाणी गाळून भरलं. हौदात पाणी पडायचा आवाज ऐकत मी ओट्यावर बसलो.

पहाटे ३:५० – १ तास आधी

मोटर मी चालू केली. बटण स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. हॉलमधून गेलो, मुलीच्या पायाशी पांघरूण सरकवलं, बटण दाबलं आणि त्याच वाटेने परत आलो. वकिलांनी हे वाक्य खोडलं. "मोटर चालू करण्यात आली" असं लिहा म्हणाले.

आमची मोटर टाकी भरायला तासभर घेते. एक लिटर म्हणजे एक किलो. वापरातल्या गच्चीचा स्लॅब साधारण प्रत्येक चौरस मीटरला १५० किलो माणसं-सामानाचा भार धरून बांधावा, असं भारतीय मानकात आहे. साडेचार फूट व्यासाची टाकी दोन हजार लिटरने भरली की तिच्याखालच्या जागेवर त्याच्या जवळपास नऊ पट वजन येतं. भिंतीच्या डोक्यावर असेपर्यंत ते भिंतीतून सरळ पायात उतरायचं.

पहाटे ४:१५ – ३५ मिनिटं आधी

आठशे किलो. बायको म्हणाली, "आत काहीतरी वाजलं." मी म्हणालो, मांजर असेल.

पहाटे ४:३२ – १८ मिनिटं आधी

मुलगी उठून ओट्यावर आली, डोळे चोळत. "बाबा, तोंडावर रेती पडतीये." आणि परत आत जायला वळली, कारण तिचा मोबाइल उशाखाली होता.

रेती. गिलाव्याची धूळ पिठासारखी असते. रेती म्हणजे काँक्रीट. हे मला कधी कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक, पण मी तिचा दंड धरला. मोबाइलचा टॉर्च लावून दारातूनच छतावर मारला. काकांची रेघ शोधली. डावा तुकडा होता. उजवा तुकडा त्याच्यापासून करंगळीभर खाली आणि बाजूला. मधे काळं. "बुध. ८:१०" यातला "बुध" एका बाजूला, "८:१०" दुसऱ्या बाजूला.

दोनपैकी एका जॅकचा दांडा धनुष्यासारखा वाकला होता.

पहाटे ४:४१ – ९ मिनिटं आधी

मधली मिनिटं आईला ओट्यावरून गल्लीत न्यायला गेली. आई उठताना चष्मा शोधते, मग चपला. बायको मोटर बंद करायला आत निघाली. "टाकी भरतीये ना!" ती म्हणत होती आणि तिचं बरोबर होतं. मी तिला ओढलं. आई गल्लीतून ओरडली, "मरू दे ती मोटर, सोड!" आयुष्यात पहिल्यांदा आईने पाण्याबद्दल असं म्हटलं.

मोटर चालूच राहिली. वर पाणी पडत होतं. चौदाशे, पंधराशे, सोळाशे. शेजाऱ्यांच्या नळ्यांचे आवाज, आमच्या मोटरचा आवाज, आणि मधूनमधून घरातून एक कट असा आवाज, सुपारी फोडल्यासारखा.

काका बनियनवर बाहेर आले. काहीही न विचारता दोन्ही बाजूंच्या घरांची दारं काठीने वाजवायला लागले.

पहाटे ४:५०

आवाज मला वाटला तेवढा मोठा नव्हता. आधी पोतं टाकल्यासारखा धप्प, मग बराच वेळ चालणारी घरघर. दारातून धुळीचा लोट बाहेर आला आणि लगेच त्याच्यामागून पाणी. टाकी फुटली होती. धुळीचा आणि पाण्याचा मिळून राखाडी घोळ झाला आणि ओट्याच्या तीन पायऱ्यांवरून गल्लीत उतरला. बत्ती गेली. मोटर थांबली.

समोरच्या बाई, हातात भरलेली बादली, म्हणाल्या, "अगं बाई, पाणी!" आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. कुणी हसलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तरी आधी तेच म्हणालो असतो.

मुलीची गादी स्लॅबच्या मोठ्या तुकड्याखाली होती. थोड्या वेळाने त्याखालून मोबाइल वाजायला लागला. साडेपाचचा गजर, अभ्यासाचा.

गुरुवार, सकाळी ७:३०

गुत्तेदाराचा फोन बंद. नऊला बंद. दहाला चालू, पण उचलला नाही.

अग्निशमन दलाच्या माणसांनी विजेची जोडणी तोडून, फिरून पाहिलं. त्यांच्यातला एक स्वयंपाकघराच्या बाजूला थांबला. तिथे स्लॅबचा एक तुकडा, दारापेक्षा थोडा रुंद, अजून वरच होता. एका टोकाला भिंत, दुसऱ्या टोकाला एक जॅक. न वाकलेला. "याला कुणी हात लावू नका," तो म्हणाला. काकांनी खुर्ची आणून त्याच्यासमोर दारात टाकली आणि बसले.

सकाळी ११:१०

गुत्तेदाराचा पोरगा स्कूटरवर आला. घराकडे बघितलं. वर बघितलं, आभाळाकडे. बराच वेळ काही बोलला नाही. मग माझ्याकडे वळून, अगदी खालच्या आवाजात:

"सर, ते दोन जॅक राहिलेत. भाडं चढायलंय."

काकांनी नुसती काठी आडवी धरली. पोरगा दोन पावलं मागे सरला, खिशातून फोन काढला आणि आमच्याकडे पाठ करून बोलायला लागला. ज्याचा फोन सकाळपासून आमच्यासाठी लागत नव्हता, त्याने तो पहिल्याच रिंगला उचलला असावा.

"भाऊ, एकच दिसायलाय. दुसरा मलब्याखाली हाय. त्याचे पैसे कुणाकडून घ्यायचे, सरांना विचारू का?"